आई, सांगितलं तर रागावशील?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. नाशिकचे पाहुणे नुकतेच परतले होते, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते, आणि आमच्या घरात एका पासबुकावरून गोंधळ उडाला होता. माझे सासरे, म्हणजे अप्पा, बँकेतून पासबुक भरून घेऊन आले आणि हिंचक्यावर बसून चष्मा पुसत पुन्हा पुन्हा तेच पान बघत राहिले. बुधवारी दुपारी एकाच तासात तीन वेळा मिळून चार हजार आठशे रुपये गेले होते. अप्पा निवृत्त ड्राफ्ट्समन. पै-पैचा हिशेब वहीत लिहिणारे.

"अप्पा, कुणाला ओटीपी वगैरे सांगितला होता का हो?" मी विचारले.

"मी काय खुळा आहे?" अप्पा दुखावले. दोन दिवस घरात तोच विषय. हे म्हणाले, बँकेचीच चूक असणार. जाऊबाई म्हणाल्या, भाजीवाल्याकडे क्यूआर कोड स्कॅन केला असेल त्यातून झाले असेल. या सगळ्यात आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनी चकलीला हात लावलेला नाही, हे कुणाच्याच लक्षात आले नाही. माझ्यासुद्धा नाही.

रविवारी रात्री मी ओटा पुसत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आई, सांगितलं तर रागावशील?"

मग त्याने सांगितले. सुट्टीत अप्पांच्या मोबाईलवर तो एक खेळ खेळत असे. खेळता खेळता तिथल्या गप्पांमध्ये एक 'दादा' भेटला. हिंदीत बोलायचा, याच्या खेळाचे कौतुक करायचा, एकदा त्याने खेळातला कसलासा पोशाखही भेट दिला. मग म्हणाला, आणखी हवे असेल तर घरातल्या कुणाच्याही कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठव, वय तपासायला लागतो. नंतर मोबाईलवर येणारे आकडे विचारले. याने तीनदा सांगितले. मेसेज पुसून टाकायलाही त्यानेच शिकवले. आणि शनिवारी त्या दादाने आपला खरा रंग दाखवला. शर्ट काढून एक फोटो पाठव, नाहीतर तुझ्या आजोबांना फोन करून सगळं सांगतो, असा मेसेज आला.

फोटो त्याने पाठवला नव्हता. तो माझ्याकडे आला होता. पण चार दिवसांनी.

"अरे, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?" मी विचारले. त्याने खाली बघत जे उत्तर दिले ते मी अजून विसरलेले नाही.

"मागे वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी घाण व्हिडिओ टाकला होता, तो मी तुला येऊन दाखवला होता. तेव्हा तू माझा टॅब महिनाभर काढून घेतलास. माझी काहीच चूक नव्हती, आई."

खरे होते. मी तसेच केले होते, आणि वर चार मैत्रिणींना अभिमानाने सांगितलेही होते. माझ्या दृष्टीने तो कडक शिस्तीचा भाग होता. त्याच्या दृष्टीने धडा सरळ होता: आईला सांगितले की शिक्षा होते.

या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात मी हे सहज बोलून गेले, तर चौघीजणींनी वाण बाजूला ठेवून आपापल्या घरातल्या गोष्टी सांगितल्या. कुणाच्या मुलीच्या फोटोवर भलतेच काही चिकटवून फिरवले होते, कुणाच्या मुलाने पालकांच्या फोनवरून खेळात पैसे घातले होते. त्यावर संपादकांनी 'हे लिहाच' म्हणून आग्रह केला. लिहू का, असे मी आधी मुलाला विचारले. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाला. म्हणून नाव नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी काय केले

माझ्या पुतणीचे इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष होते. तिला रात्रीच फोन केला. तिने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की काकू, काहीही पुसू नका. आपला हात आधी तिकडेच जातो. घाणेरडे मेसेज दिसले की ते नाहीसे करावेसे वाटतात. पण तेच पुरावे असतात. आम्ही त्या माणसाचे नाव, खेळातला त्याचा ओळखक्रमांक, सगळे मेसेज यांचे स्क्रीनशॉट काढले, आणि मगच त्याला ब्लॉक केले. त्याच्याशी एका शब्दानेही बोललो नाही. उत्तर दिले किंवा पैसे दिले की असली माणसे थांबत नाहीत, उलट इथे काही मिळते आहे हे त्यांना कळते.

मग १९३० ला फोन केला. पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा क्रमांक आहे. फोन केल्यावर त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि पुढचे तपशील राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर भरायला सांगितले. सकाळी बँकेत जाऊन कार्ड बंद केले आणि लेखी अर्जाची पोच घेतली.

पैसे परत आले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगते. १९३० चा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते वाटेत रोखता येण्याची शक्यता असते. आमचे चार दिवस गेले होते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे, ग्राहकानेच ओटीपी दिल्यामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतर होणारे बँकेचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी हिशेब एकच: मूल जितक्या लवकर सांगेल तितके नुकसान कमी. आमचे चार हजार आठशे रुपये मी 'चार दिवसांच्या भीतीची किंमत' म्हणून सोडून दिले.

अप्पांना सगळे सांगायचे काम मुलाने स्वतःच केले. मी फक्त बाजूला उभी होते. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं माझंच डोकं काम करेनासं झालं. बरं झालं सांगितलंस." त्या दोन दिवसांत अप्पा स्वतःवरच संशय घेत होते, हे तेव्हा आम्हाला कळले.

संगणक हिंचक्यासमोर

पहिला विचार मनात आला तो सगळे बंद करून टाकण्याचा. मोबाईल नाही, टॅब नाही, काही नाही. पण ते किती दिवस टिकणार? शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो, प्रकल्पासाठी माहिती शोधावी लागते. आणि आपण बडोद्याची माणसे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० पासून गावोगाव ग्रंथालये काढली. त्या शहरात राहून मुलाला आजच्या काळातल्या विद्येपासून लांब ठेवायचे, हे मनाला पटेना.

पुतणीने एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. "काकू, तो फोनवर फक्त बघतो नि बोटं फिरवतो. काही बनवत नाही. त्याला कीबोर्ड द्या."

यांच्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक संगणक आम्ही घरी आणला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, थोडी मेमरी वाढवली, आणि तो चांगला चालू लागला. नवा घेण्याची गरज पडली नाही. तो कुठे ठेवायचा यावर थोडा वाद झाला. मुलाला त्याच्या खोलीत हवा होता. शेवटी तो बैठकीच्या खोलीत, हिंचक्यासमोरच्या भिंतीशी आला, पडदा घराकडे तोंड करून. अप्पा हिंचक्यावर बसून पेपर वाचतात, मी भाजी निवडते. कुणी मुद्दाम पाळत ठेवायची गरज नाही. येता-जाता दिसते आणि येता-जाता बोलणेही होते.

संगणकावर मुलाचे वेगळे खाते काढले, साधे, ॲडमिनिस्ट्रेटरचे नव्हे. म्हणजे काही नवे बसवायचे तर मोठ्यांचा पासवर्ड लागतो. घरातल्या मोबाईलवर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था केली. १३ वर्षांखालच्या मुलांसाठी गूगलची फॅमिली लिंक ही सोय फुकट आहे. त्यातून मुलाचे खाते आपल्या खात्याशी जोडून कोणते ॲप चालेल, किती वेळ चालेल हे ठरवता येते. आम्ही ती मुलाला समोर बसवून, त्याला दाखवत दाखवत सुरू केली. चोरून बसवलेले कुलूप मुले उघडतातच, वर आपल्यावरचा विश्वासही जातो.

गरब्याचे वर्तुळ

आता शिकायचे काय? टंकलेखनाच्या क्लाससारखे पाठ द्यायचे नव्हते. स्क्रॅच नावाची एक मोफत प्रणाली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये ती तयार झाली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. ५ ते ७ वर्षांच्या लहानग्यांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे. यात सूचना लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, की पडद्यावरचे मांजर त्याप्रमाणे चालते. संगणकावर एकदा उतरवून घेतली की इंटरनेट बंद ठेवूनही ती वापरता येते, ही आम्हा पालकांच्या दृष्टीने मोठीच सोय.

नवरात्र जवळ आले होते. मुलाने ठरवले, मांजराला गरबा खेळवायचा. 'दहा पावले चाल, पंधरा अंश वळ' हे दोन ठोकळे जोडले आणि ते वीस वेळा करायला सांगितले. मांजर निघाले, पण वर्तुळ काही पुरे झाले नाही. एका बाजूला तोंड उघडेच. दोन-तीनदा करून पाहिले आणि चिडून माऊस आपटला.

हिंचक्यावरून अप्पा म्हणाले, "एका पुऱ्या फेरीत अंश किती रे?"

"तीनशे साठ."

"आणि तुझे झाले किती? पंधरा गुणिले वीस?"

पोरगा थांबला. तीनशे. साठ अंश कमी. वीसचे चोवीस केले आणि वर्तुळ मिटले. त्याने ओरडून घर डोक्यावर घेतले. मग अप्पा उठून खुर्ची ओढून शेजारीच बसले. वर्तुळ मोठे करायचे तर काय? कोन लहान करायचा, दहा अंशांचा, आणि छत्तीस वेळा. आयुष्यभर ड्रॉईंग बोर्डवर कंपास चालवलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नव्हते. दसऱ्यापर्यंत पडद्यावर बारा मांजरे टाळीच्या ठेक्यावर गोल फिरत होती.

मला यातले फारसे कळत नाही, आणि तुम्हालाही कळत नसेल तर बिघडत नाही. मुलाला शिकवता येण्यापेक्षा त्याला विचारता येणे महत्त्वाचे. 'हे कसं केलंस, मला दाखव ना' एवढे वाक्य पुरते. दाखवण्याची सवय लागलेले मूल पुढे अडचणही दाखवते.

क म्हणजे क, मराठीत आणि गुजरातीत

दुसरा उद्योग मराठी टायपिंगचा. आपल्याकडची बहुतेक मुले इंग्रजी किंवा गुजराती शाळेत जातात. मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की रोमन अक्षरांत 'आजी कशी आहेस' लिहून मोकळी होतात. संगणकावर मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक मिळतो. त्याची रचना समजली की तो फार सोपा आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या जागी क, 'जे'च्या जागी र, 'एच'च्या जागी प. काना हवा तर 'ई'ची कळ. म्हणजे 'काका' लिहायला फक्त दोनच कळा लागतात. ळ साठी शिफ्ट धरून 'एन'.

आणि आपल्यासारख्यांसाठी गंमत पुढेच आहे. हा कळफलक सगळ्या प्रमुख भारतीय लिप्यांसाठी एकाच रचनेचा आहे. ज्या कळेवर मराठीचा क, त्याच कळेवर गुजरातीचाही क. बेळगावच्या मुलांना कन्नडचा, हैदराबादच्या मुलांना तेलुगूचाही तिथेच सापडेल. मराठी टायपिंग शिकलेले आमचे पोर आता शाळेतला गुजराती प्रकल्पही स्वतःच टाइप करते. नाशिकच्या आजीला त्याने पहिले मराठी पत्र पाच ओळींचे पाठवले, त्यासाठी पाऊण तास घेतला. आजीने ते छापून देव्हाऱ्याजवळ ठेवले आहे.

लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट ही दोन मोफत सॉफ्टवेअर चांगली आहेत. माऊस धरणे, अक्षरे, आकडे, चित्रे असे खेळता खेळता होते. मोठ्या मुलांना घरातलेच एखादे काम द्या. आमच्याकडे अप्पांच्या जुन्या फोटोंचे काम सुरू आहे. फोटो स्कॅन करायचा, वर्षाप्रमाणे फोल्डर, नाव नीट द्यायचे, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. फाइल कुठे ठेवली, प्रत कशी काढतात, हे यातून आपोआप कळते. शिवाय 'हे कोण?' या प्रश्नातून घरातल्या किती कथा बाहेर येतात!

एक सूचना एआयविषयी. आता मुले गृहपाठाचे प्रश्न थेट त्यालाच विचारतात आणि तो चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. आमचा नियम असा की उत्तर मिळाले तर ते पाठ्यपुस्तकात किंवा दुसऱ्या विश्वासाच्या ठिकाणी एकदा पडताळायचे, आणि स्वतःचे नाव, शाळा, घरातल्या भानगडी त्याला सांगायच्या नाहीत.

गोड बोलण्याच्या पायऱ्या

पोलिसांशी, पुतणीशी आणि हळदीकुंकवाच्या मैत्रिणींशी बोलून माझ्या लक्षात आले की या सगळ्या गोष्टी एकाच जिन्याने चढतात. आधी कौतुक. मग छोटी भेट. मग 'हे आपल्या दोघांतच ठेव'. मग एखादी मागणी, फोटोची किंवा आकड्यांची. आणि शेवटी धमकी. मुलांना अनोळखी माणसाशी बोलू नकोस एवढे सांगून भागत नाही, कारण चार दिवस खेळल्यावर तो माणूस त्यांना अनोळखी वाटतच नाही. त्याऐवजी तिसरी पायरी ओळखायला शिकवा. जो मोठा माणूस 'घरी सांगू नकोस' म्हणतो, त्याचे घरी सांगायचेच. मग तो खेळातला असो, शिकवणीतला असो की नात्यातला.

आणखी काही गोष्टी, ज्या आम्ही आता पाळतो:

खेळातल्या गप्पा बंद ठेवतो किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरत्या सुरू ठेवतो. बहुतेक खेळांत ही सोय असते.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. हे वाक्य आजी-आजोबांनाही पाठ करायला लावा. आमच्याकडे मुलानेच अप्पांना शिकवले.

व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल' याला फक्त संपर्कातले लोक असे ठेवा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या दोन्हींच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे वयाची अट किमान १३ आहे. आपणच खोटी जन्मतारीख टाकून खाते उघडून दिले, तर पहिले खोटे आपणच शिकवले.

पासवर्ड लांब असावा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द एकत्र जोडले की तो लक्षातही राहतो आणि ओळखायला अवघड जातो. जिवलग मित्रालाही तो सांगायचा नाही, आई-बाबांना मात्र माहीत असतो.

आता एक गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. गणेशोत्सवातल्या स्पर्धांचे फोटो आपण मुलांची पूर्ण नावे, शाळा, इयत्ता लिहून ग्रुपवर टाकतो, आणि तिथून ते कुठे कुठे जातात ते आपल्याला कळत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे, आणि मुलांची माहिती घेणाऱ्या कंपन्यांना पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायला सांगितले आहे. कंपन्यांकडून आपण ही अपेक्षा करतो, तर आपल्या मंडळातही फोटो टाकण्याआधी पालकाला आणि त्या मुलालाही एकदा विचारायला काय हरकत आहे?

तरीही काही घडलेच, तर

समजा मुलाने किंवा मुलीने फोटो पाठवून दिलाच असेल. त्या क्षणी 'कशाला पाठवलास' हा प्रश्न गिळून टाका. असा फोटो मागणारा गुन्हेगार आहे. मुलांच्या संरक्षणासाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ ब हे कलम त्यासाठीच आहे. फसलेल्या मुलाची ती जबाबदारी नाही.

पुरावे जपून ठेवा. पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि 'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवा अमेरिकेतल्या मुलांसाठीच्या एका संस्थेने २०२३ मध्ये सुरू केली आहे, ती भारतातूनही वापरता येते. १८ वर्षांखाली असताना काढलेल्या अशा फोटोचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो. फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही, फक्त तो ठसा जातो. आणि या योजनेत सामील झालेल्या समाजमाध्यमांना त्यावरून तो फोटो ओळखून काढून टाकता येतो. मूल फार घाबरले असेल, गप्प झाले असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आधारासाठी बोलता येते. फोन करायला लाजू नका. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना.

फ्रिजवरचा कागद

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. तो मुलाने मराठीत स्वतः टाइप करून छापला. त्यावर पाच ओळी आहेत. जेवताना कुणाचाही फोन ताटाजवळ नाही, बाबांचासुद्धा नाही. रात्री दहानंतर सगळे फोन बैठकीत चार्जिंगला. ओटीपी, पिन, कार्ड हे फक्त ज्याचे त्याच्याकडे. नवा खेळ घेण्याआधी घरात एकाला दाखवायचा. आणि पाचवी ओळ त्याने हट्टाने जाड अक्षरात छापली आहे: 'सांगितलं म्हणून शिक्षा नाही.'

पाचवी ओळ पाळणे सर्वांत अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगते. याचा अर्थ चुकीला परिणामच नाही असा नव्हे. अप्पांचे पैसे त्याने खाऊच्या पैशांतून दरमहा थोडे थोडे फेडले, वहीत नोंद करून. पण सांगितल्याबद्दल शिक्षा वेगळी आणि चूक निस्तरणे वेगळे. मुलांना हा फरक चांगला कळतो. आपल्यालाच कळत नाही.

परवाची गोष्ट. मी कणीक मळत होते. तो मोबाईल घेऊन आला. "आई, जरा बघ ना. वर्गातल्या एका मुलीचा फोटो कुणीतरी काहीतरी करून ग्रुपवर टाकलाय. सगळे हसतायत. मी काय करू?"

खरे सांगते, माझा हात त्या फोनकडे जायला निघालाच होता. तो हिसकावून बंद करावा, ग्रुपमधून त्याला बाहेर काढावे. पण हाताला कणीक लागली होती, तेवढा एक क्षण मिळाला. मी म्हटले, "बस इथे. आधी मला सांग, तुला काय वाटतं?"

तो स्टुलावर बसला. स्क्रीनशॉट काढून ठेवावा, पण तो फोटो पुढे कुणालाही पाठवू नये, हे त्यानेच सांगितले. त्या मुलीला एकटे वाटत असेल, हेही त्यालाच सुचले. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या वर्गशिक्षिकांना फोन केला आणि त्या मुलीच्या आईलाही. त्यांना हे ठाऊकच नव्हते. त्यांची मुलगी दोन दिवस शाळेत गेली नव्हती, पोट दुखते म्हणून.

त्या आईने फोन ठेवताना विचारले, "तुमच्या मुलाने तुम्हाला लगेच कसं काय सांगितलं हो?"

मी म्हटले, "लगेच नाही. त्याला दोन वर्षं लागली. खरं तर मला."